एक माग, दोन पाळ्या



सोलापुरातील आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने नव्या लॅपटॉपवर मूळच्या विंडोजशेजारी लिनक्सही बसविले. दुसऱ्याच दिवशी तो माझ्याकडे आला. "सर, सकाळी साडेसातला लिनक्स सुरू केले, तर घड्याळात दुपारचा एक! लॅपटॉप बिघडला काय?" बिघाड काहीच नव्हता. मग हे साडेपाच तास आले कोठून?

आपल्या गावातील यंत्रमाग आठवा. एकाच मागावर दिवसपाळीला एक विणकर असतो, रातपाळीला दुसरा. माग एकच; पण एका वेळी त्यावर हात एकाचाच. दोन ऑपरेटिंग सिस्टिमचेही असेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली. बटण दाबताच प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेली 'यूईएफआय' ही आज्ञावली जागी होते. ती डिस्कच्या एका छोट्या विभागातील 'बूटलोडर'कडे काम सोपविते. लिनक्सबरोबर येणारा 'ग्रब' हा बूटलोडर पडद्यावर यादी दाखवितो. तुम्ही जी प्रणाली निवडाल तिचाच गाभा रॅममध्ये भरला जातो. दुसरी डिस्कवर स्वस्थ पडून राहते. म्हणून रॅम दोघींत वाटावी लागत नाही. वाटली जाते ती फक्त डिस्कवरील जागा.

आता घड्याळाकडे वळू. लॅपटॉप बंद असतानाही त्यातील एक छोटे घड्याळ चालू असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स मात्र त्यातील वेळ जागतिक प्रमाणवेळ समजते आणि भारतासाठी तीत भर घालते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३३० मिनिटे, अर्थात साडेपाच तास! इंटरनेट जोडले की चूक बहुधा सुधारते. पण मग लिनक्स त्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि पुढच्या पाळीला विंडोज साडेपाच तास मागे पडते. उपाय सोपा आहे: दोघींनाही एकच संकेत पाळावयास लावणे.

घड्याळाची चूक निरुपद्रवी, डिस्कची नव्हे. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर यंत्र पूर्ण बंद होत नाही; विणकर अर्धवट कापड मागावर ठेवून गेल्यासारखे होते. अशा वेळी लिनक्सने विंडोजच्या विभागात काही लिहिले, तर माहिती नासू शकते. म्हणून ती सोय आधी बंद करा. विंडोजचा विभाग विंडोजमधूनच लहान करा. बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. आणि सर्वांत आधी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. एकदा विभाग पाडताना माझ्या हातून भलताच विभाग पुसला गेला आणि वर्षभराच्या प्रयोगांच्या नोंदी गेल्या. प्रत काढलेली नव्हती.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली आणली. असे काही स्वतः चालवून पाहण्याची इच्छा असेल, तर दुसरी पाळी जरूर सुरू करा. पण पहिलीचे कापड सांभाळून.

विचार करा: नेपाळची वेळ जागतिक वेळेपेक्षा ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे. तेथे घड्याळ किती मिनिटांनी चुकेल? आणि जानेवारीत लंडनमध्ये?