गाठ काढण्याआधी थायरॉईड कुठे आहे ते पाहा

मुलीच्या मानेच्या मधोमध गाठ दिसली किंवा जिभेच्या मुळाशी लालसर गोळा दिसला, की घरचे म्हणतात, "काढून टाका एकदाची." त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सांगतो : ही गाठ म्हणजेच तिची थायरॉईड ग्रंथी तर नाही ना?

थायरॉईड गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर असते. पण ती तयार होते जिभेच्या मुळाशी. गर्भ साधारण ४ ते ७ आठवड्यांचा असताना ती तिथून खाली गळ्यात उतरते. क्वचित ती वाटेतच अडकते, बहुधा जिभेच्या मुळाशीच. हे स्त्रियांमध्ये जास्त आढळते. अशा बहुतेकांच्या गळ्यात दुसरी थायरॉईड नसतेच. गाठ समजून तीच कापली, तर शरीरातले थायरॉईडचे हार्मोन संपते. औषध मिळाले नाही, तर लहान मुलाची वाढ आणि बुद्धी दोन्ही खुंटतात.

म्हणून तपासण्या समजून घेऊ.

सोनोग्राफी : पहिली तपासणी हीच. गळ्यात नेहमीच्या जागी थायरॉईड आहे की नाही, ते दिसते. यात किरणोत्सर्ग नाही, दुखतही नाही.

थायरॉईड स्कॅन : शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी औषध अगदी थोडे देतात. थायरॉईडची पेशी ते ओढून घेते. जिथे ते जमते तिथे ग्रंथी, मग ती जिभेवर असो वा गळ्यात. बाई गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर आधीच सांगावे. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तेही सांगावे.

सीटी स्कॅन, एमआरआय : गाठ केवढी आहे, श्वासाची वाट किती अडली आहे, हे यातून कळते. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असते. त्यानंतर काही आठवडे थायरॉईड स्कॅन नीट येत नाही. म्हणून आधी कोणती तपासणी करायची, ते विचारून घ्यावे.

सोबत रक्ताची टीएसएच तपासणी हवीच. त्रास नसेल तर अनेकदा ऑपरेशन लागत नाही. थायरॉक्सिनच्या गोळीने हार्मोनची उणीव भरते आणि गाठही लहान होऊ शकते. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी, मनाने बंद करू नये.

गिळताना अडकत असेल किंवा आवाज बदलला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास कोंडत असेल किंवा तोंडातून रक्त येत असेल तर लगेच दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरले, तरी सही करण्याआधी विचारा : "गळ्यात दुसरी थायरॉईड आहे का? कोणत्या रिपोर्टमध्ये दिसली?" तो रिपोर्ट फाईलला लावून जपून ठेवा.