वेस सरकली आहे

दक्षिणेकडे गाडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं : मागच्या खेपेच्या आठवणींवर विसंबून प्रवास आखू नका. निघण्यापूर्वी आपण टायर, ब्रेक, स्टेपनी, फास्टॅगमधली शिल्लक सगळं तपासतो. डोक्यातला जुना नकाशा मात्र तपासत नाही. पुणे ते बंगळुरू सुमारे 840 किलोमीटर, रस्ता चौपदरी-सहापदरी, म्हणजे पहाटे निघालं की संध्याकाळी मुक्कामाला, हा हिशेब कागदावर बरोबर असतो आणि तुमकूर सोडून बंगळुरूच्या वेशीवरच्या नेलमंगल्याला पोचेपर्यंत बरोबरच राहतो. चुकतो तो तिथून पुढे. इतक्या वर्षांच्या भटकंतीतून माझं एक मत पक्कं झालं आहे : दक्षिणेतला प्रवास रस्त्याच्या दोषाने फसतो त्याहून जास्त वेळा तो शहराची वेस सरकल्याचं आपल्याला माहीत नसल्याने फसतो. म्हणून प्रवासाचा हिशेब किलोमीटरवर न करता वाटेतल्या वेशींवर करावा.

वेस सरकते म्हणजे काय, ते चेन्नईत स्वच्छ दिसतं. तिथल्या बाहेरगावच्या बसगाड्या पूर्वी शहराच्या पोटातल्या ब्रॉडवेहून सुटत. 2002 मध्ये कोयंबेडूला मोठं स्थानक झालं, तेव्हा ते ऐसपैस आणि आडबाजूचं होतं. मग शहराने तेही कवेत घेतलं आणि 30 डिसेंबर 2023 रोजी वंडलूरजवळ किलांबाक्कमला नवं स्थानक सुरू होऊन दक्षिणेकडच्या गाड्या तिकडे गेल्या. एका पिढीत दोनदा वेस बदलली. तंजावर पाहायला निघालेल्या मराठी कुटुंबाने जुन्या माहितीवर कोयंबेडूला खोली घेतली, तर बस पकडायला त्याला पहाटे सामानासह पुन्हा अर्धं शहर ओलांडावं लागेल. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला आणि हैदराबादचा शमशाबादला गेला तो 2008 मध्ये. त्यांच्या मागोमाग वसाहती, गोदामं आणि हॉटेलं गेली. एकेकाळी जिथे शेतं दिसत तिथे आता सिग्नल आहेत.

वेशीबरोबर पाणीही सरकतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. बंगळुरूला मोठी नदी नाही. उंचावरच्या या गावाने पाणी धरलं ते तलावांच्या माळेत : वरचा तलाव भरला की जादा पाणी राजकालुवे म्हणतात त्या नाल्यातून खालच्या तलावात जायचं. आज मॅजेस्टिकचं बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या जागेवर उभं आहे. नाल्यांच्या वाटा बुजल्या, पण पाणी आपली वाट विसरलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूच्या बाह्यवळण रस्त्यावर ते आलं तेव्हा लोकांना ट्रॅक्टरवर बसवून न्यावं लागलं. चेन्नईने हेच डिसेंबर 2015 मध्ये भोगलं. इथे आपली एक सवय आड येते. दिवाळी आली की पाऊस संपला, असं आपलं मन धरतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आपल्या सुट्टीचा आणि त्यांच्या पावसाचा मुहूर्त एकच आहे, हे ध्यानात ठेवून तारखा ठरवाव्यात आणि खोली घेताना ती सखल भागात नाही ना, हे विचारून घ्यावं.

शहराच्या वेशीवर गेलेल्या वेळेची खरी किंमत पुढे, घाटात आणि जंगलात मोजावी लागते. कोल्हापूरहून पहाटे निघून एका दमात म्हैसूरच्या पुढे वायनाड किंवा उटी गाठायचा बेत अनेक जण करतात. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा रस्ता 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 खासगी वाहनांना बंद असतो. नेलमंगल्याच्या आसपास दोन तास अडकलात की गुंडलुपेटच्या पुढचं फाटक बंद झालेलं मिळतं. मग वायनाडला जाणारे दमलेल्या अवस्थेत हुणसूर, गोणिकोप्पल, कुट्टा असा लांबचा फेरा अंधारात घेतात, आणि अपघाताला निमंत्रण मिळतं ते तिथे. उटी आणि कोडाईकनालला तर मे 2024 पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास लागतो; 2025 च्या उन्हाळ्यात निलगिरीत दिवसाला 6,000 आणि शनिवार-रविवारी 8,000 गाड्यांची मर्यादा घातली गेली. म्हैसूरला मुक्काम ठरवून टाकला आणि पास घरूनच काढला, तर यातली एकही अडचण उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, बायपास झाले, द्रुतगती मार्ग झाले, आता वेशीचं काय घेऊन बसलात? बंगळुरू-म्हैसूर मार्गाचं उद्‌घाटन मार्च 2023 मध्ये झालं. बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण ही गावं आता बाजूला राहतात आणि बराच वेळ वाचतो, हे मला मान्य आहे. पण दुचाकीवाल्यांना ऑगस्ट 2023 पासून मुख्य मार्गावर बंदी आहे. त्यांना सर्व्हिस रोडनेच जावं लागतं, तेव्हा त्यांनी चारचाकीचा वेळ आपला धरू नये. आणि वाचलेल्या वेळेत आपण काय गमावतो, तेही पाहावं. चन्नपट्टणला कारागीर लेथवर लाकूड फिरवतो आणि त्या फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने ती घासली की भोवऱ्यावर काचेसारखी झळाळी येते. ब्रशचा कुठे संबंध नाही. हे सगळं महामार्गापासून काही मिनिटांवर चालू असतं. पण तिथे जायचं तर उतरण्याचा फाटा आधी ठरवावा लागतो. पूर्वी गाव वाटेतच लागायचं, आता गाव निवडावं लागतं.

दुसरा आक्षेप फोनचा. नकाशा सगळं दाखवतो, मग एवढा अभ्यास कशाला? नकाशा या घडीची कोंडी दाखवतो. चार तासांनी पडणारा पाऊस, बंद होणारं फाटक, घाटाचा चढ त्याच्या वेळेत धरलेला असेलच, याची खात्री नाही. मसिनगुडीहून उटीला जाणारी कल्हट्टीची वाट कमी अंतराची आहे, पण ती 36 वळणांची आणि उभ्या चढाची आहे. ‘जवळचा रस्ता’ एवढ्या एका कारणावर ती धरू नये. नावांचाही घोळ आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली, विजापूरचं विजयपुरा झालं. आणि विजयपुरा नावाचं दुसरं गाव देवनहळ्ळी तालुक्यात, म्हणजे शेकडो किलोमीटर दूर आहे. नाव टाकलंत तर जिल्हाही पाहा. किनाऱ्याच्या रस्त्याचा इशारा तर ताजा आहे : 16 जुलै 2024 रोजी अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर महामार्गावर आला, माणसं दगावली, 7 ऑगस्टच्या पहाटे कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. गोव्याहून मंगळुरूकडे जाणाऱ्यांनी भर पावसात रात्रीचा प्रवास टाळावा, हे सांगायला कुठलं ॲप लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आपलासा वाटतो : इतकं आखल्यावर भटकण्यातली मोकळीक कुठे राहते? माझ्या मते मोकळीक येते ती हाताशी वेळ असला की. दिवसाला 400 किलोमीटरांच्या आत टप्पा ठेवला, मोठ्या शहराच्या वेशीसाठी दोन तास वेगळे काढले, उजेड असताना मुक्कामाला पोचायचं ठरवलं, की वाटेत मद्दूरवडा खायला थांबताना घड्याळ छळत नाही. आणि ‘बंगळुरू पूर्वीचं राहिलं नाही’ असं हळहळताना हेही आठवावं की वेशीवरच्या त्या रांगेत आपलीही गाडी उभी असते. तिथे राहणाऱ्यांना रोज त्या रांगेतून कामाला जायचं असतं. आपण तासाभराचे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या सोयीची वेळ पाहून यावं, एवढीच रीत पाळली तरी पुरे. शहराची वेस सकाळी सातच्या आत ओलांडा किंवा दुपारी. ते जमत नसेल तर अलीकडेच, तुमकूरला मुक्काम करा.