फायरवॉलची नोंदवही : विश्वास ठेवण्याआधी तपासा

आजचा पाठ संगणक कक्षातल्या एका छोट्या डब्याबद्दल आहे. बऱ्याच शाळांत तो इंटरनेटच्या वायरजवळ भिंतीला टांगलेला असतो, दोन-चार हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि वर्षभर कोणी त्याच्याकडे बघत नाही. तो म्हणजे फायरवॉल. या डब्याची नोंदवही नीट न वाचल्यामुळे माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. तो प्रसंग आधी सांगतो, मग पाठाकडे वळू.

प्रसंग

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातली, खेड्यातली. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची सवंगणी जोरात सुरू. फायरवॉलच्या रिपोर्टमध्ये एक ओळ दिसली : सकाळी ११:२०, आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा ५७, जुगाराची वेबसाइट, अडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणत्या मशीनचा पत्ता ५७ आहे ते पाहिलं. मशीन क्रमांक ७. कालच्या ११ च्या तासाला त्यावर नववीतला एक मुलगा बसला होता. झालं! मुलाला स्टाफरूममध्ये उभं केलं आणि वडिलांना निरोप धाडला.

वडील शेतातून तसेच आले. म्हणाले, "सर, पोरगा नाही म्हणते. पण मशीनमध्येच लिहून आहे म्हणता, तर मी काय बोलू?"

मुलगा खाली मान घालून उभा होता. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाला, "सर, काल त्या टायमाला तर लाइट गेली होती. आपण सगळे बाहेर झाडाखाली बसलो होतो."

खरंच की! लाइट ११:१० ला गेली, ती १२ वाजून गेल्यावर आली. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. म्हणजे ११:२० ला संगणकही बंद आणि फायरवॉलही बंद. मग बंद डब्यानं ती नोंद केली कशी?

पुन्हा रिपोर्ट उघडला. त्या दिवसाची पहिली नोंद सकाळी ६:३५ ची होती. त्या वेळी शाळेच्या गेटला कुलूप असतं. लाइट आली होती १२:०५ ला. दोन्हींमधला फरक मोजला : बरोबर साडेपाच तास. मग डोक्यात प्रकाश पडला. डबा जागतिक प्रमाणवेळ दाखवत होता आणि भारताची वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे असते. बसवताना टाइमझोन बदलायचा राहून गेला होता. म्हणजे ती "११:२०" ची नोंद खरं तर दुपारी ४:५० ची.

आणि ४:५० ला ५७ हा पत्ता कोणाकडे होता? फायरवॉलनं वाटलेल्या पत्त्यांची यादी काढली. माझ्या लॅपटॉपकडे! प्रश्नपत्रिकेची पीडीएफ करायला मी एक फुकटची वेबसाइट उघडली होती. तिथल्या जाहिरातीनं परस्पर जुगाराच्या साइटकडे उडी मारली आणि फायरवॉलनं ती अडवली. मला पत्ताही लागला नाही.

मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. संध्याकाळी त्याच्या वडिलांकडेही जाऊन आलो. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. पण ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा पाठ.

फायरवॉल आणि लॉग म्हणजे काय?

फायरवॉल म्हणजे शाळेच्या गेटवरचा चौकीदार. आतून बाहेर जाणारी आणि बाहेरून आत येणारी इंटरनेटची प्रत्येक जोडणी तो नियमाप्रमाणे सोडतो किंवा अडवतो. लॉग म्हणजे त्याची नोंदवही, आपल्या कार्यालयातल्या आवक-जावक रजिस्टरसारखी : किती वाजता, कुठून, कुठे, सोडलं की अडवलं. आणि रिपोर्ट म्हणजे त्या नोंदवहीवरून काढलेला गोषवारा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रजिस्टर वेगळं आणि गोषवारा वेगळा. रजिस्टर बरोबर असूनही गोषवारा चुकू शकतो. आणि रजिस्टरमध्येच चूक असेल, तर गोषवारा कितीही रंगीत असला तरी उपयोग नाही.

नोंदीचा प्रवास : पाच थांबे

या प्रकारानंतर आम्ही नोंदी साठवायला एक जुना संगणक वेगळा ठेवला. दर आठवड्याला रिपोर्ट यावा अशी सोय केली. पहिला रिपोर्ट आला, तोच कोरा! पूर्ण आठवडाभर शाळेत इंटरनेट चालू होतं, मग नोंदी गेल्या कुठे?

आपल्याकडे ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी आलं नाही, तर शेतकरी लगेच मोटार खोलत नाही. आधी मधला व्हॉल्व्ह बघतो. तिथे पाणी असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. एका तपासणीत अर्धं काम होतं. नोंदींचंही तसंच करायचं. नोंद पाच थांब्यांवरून जाते.

थांबा १ : नोंद तयार होते का? अनेक फायरवॉलमध्ये प्रत्येक नियमापुढे "लॉग करा" अशी वेगळी खूण असते. ती नसेल तर जोडणी जाते, पण नोंद होत नाही. काही ठिकाणी फक्त अडवलेल्या जोडण्यांची नोंद होते, सोडलेल्यांची नाही. तसंच काही उपकरणं जोडणी संपल्यावर नोंद करतात, त्यामुळे तासभर चाललेलं डाउनलोड तासाभरानं वहीत दिसतं.

थांबा २ : वेळ बरोबर आहे का? तारीख, टाइमझोन आणि घड्याळ आपोआप जुळवणारी एनटीपी सेवा, या तिन्ही गोष्टी बघा. काही साध्या उपकरणांत घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की ती १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात! एनटीपी चालू असेल तर इंटरनेट आल्याबरोबर वेळ सुधारते.

थांबा ३ : नोंद कुठे साठते? छोट्या डब्यात डिस्क नसेल तर नोंदी तात्पुरत्या मेमरीत राहतात. लाइट गेली की पाटी कोरी. डिस्क असली तरी ती भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. आपल्या भागात लाइटचा भरवसा नसतो, म्हणून नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवणं बरं.

थांबा ४ : नोंद दुसऱ्या संगणकावर पोहोचते का? पाठवायची सर्वांत जुनी आणि रूढ पद्धत म्हणजे सिसलॉग. तिचा नेहमीचा पोर्ट ५१४, आणि ती बहुधा यूडीपीवर चालते. यूडीपी म्हणजे साधं टपाल, पोचपावती नाही. पत्ता चुकला तर पत्र हरवतं आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. पोचपावती हवी तर टीसीपी वापरायचं, म्हणजे रजिस्टर टपाल.

थांबा ५ : रिपोर्ट योग्य नोंदी उचलतो का? कालावधी, गाळणी म्हणजे फिल्टर, आणि कोणत्या उपकरणाचा रिपोर्ट हवा, हे बघा. ईमेलनं येत असेल तर स्पॅमचा कप्पाही बघा.

आमचा बिघाड कुठे सापडला?

आम्ही एक खुणेची नोंद तयार केली. दुपारी बरोबर १२ वाजता मशीन ३ वरून मुद्दाम अडवलेली एक साइट उघडली आणि वहीत लिहून ठेवलं : वेळ, मशीन, पत्ता. आता हीच एक नोंद शोधायची.

फायरवॉलच्या पडद्यावर ती दिसली, वेळही बरोबर. म्हणजे पहिले तीन थांबे ठीक. साठवणाऱ्या संगणकावर मात्र नव्हती. तिथे वायरशार्क हा मोफत प्रोग्राम लावून ५१४ पोर्टवर काही येतं का ते पाहिलं. एकही पाकीट येत नव्हतं. पाकिटं येत असती आणि तरी नोंद झाली नसती, तर विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलवर संशय घेतला असता. पण इथे पाकीटच नव्हतं, म्हणजे चूक त्याच्याही आधी. फायरवॉलमध्ये पाहिलं, तर नोंदी पाठवायचा पत्ता जुना होता. त्या संगणकाला मध्येच नवीन पत्ता मिळाला होता आणि डबा बिचारा आठवडाभर रिकाम्या घरी टपाल टाकत होता! संगणकाला कायमचा पत्ता दिला आणि नोंदी धडाधड यायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, पण त्यात जेमतेम चार ओळी. आता चूक पाचव्या थांब्यावर. रिपोर्ट रात्री १२:०५ ला निघत होता आणि कालावधी निवडला होता "आज". म्हणजे नव्या दिवसाची फक्त पाच मिनिटं! "मागील ७ दिवस" केलं आणि काम झालं. एका बिघाडामागे दुसरा लपलेला असतो. म्हणून दुरुस्ती केल्यावर खुणेची नोंद पुन्हा पाठवून बघायचीच.

मोठ्या जगात काय होतं?

हे फक्त शाळेपुरतं आहे असं समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले, त्यातली बरीच रक्कम परदेशांतल्या एटीएममधून निघाली. एटीएमची विनंती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारा जो स्विच असतो, त्याच्या जोडीला हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला. पैसे द्यायची मंजुरी तोच देत होता, मुख्य प्रणालीला विचारलंच जात नव्हतं. एका वहीत शांतता असली, तरी दुसरीकडे मोठं काही चालू असू शकतं. म्हणून एका वहीची दुसरीशी पडताळणी लागते.

पुढे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं निर्देश काढले. कंपन्या, सेवा देणाऱ्या संस्था आणि सरकारी कार्यालयं यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे, नमूद केलेल्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. लॉगच्या नियमात घड्याळाचा वेगळा उल्लेख का केला असेल, हे मला त्या "११:२०" नंतर नीट कळलं.

मुलाचं नाव घेण्याआधी

लॉगमध्ये पत्ता असतो, माणूस नसतो. पत्त्यापासून माणसापर्यंत जायला तीन पुरावे जुळावे लागतात :

१. बरोबर वेळेची लॉगची नोंद.
२. त्या वेळी तो पत्ता कोणत्या मशीनला होता, याची यादी. आजची नाही, त्या वेळची.
३. त्या वेळी त्या मशीनवर कोण बसलं होतं, याचं कक्षातलं रजिस्टर.

यातला एक जरी जुळला नाही तरी थांबायचं. आणि तिन्ही जुळले तरी आधी मुलाला विचारायचं, कारण जाहिरात स्वतःहूनही साइट उघडू शकते. आमच्या शाळेत आता हा नियमच आहे. शिवाय या नोंदी मुलांच्या खासगी माहितीसारख्याच जपायच्या. त्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचायच्या नाहीत आणि ग्रुपवरही टाकायच्या नाहीत.

वर्गात करायचा उपक्रम

१९३७ साली आपल्या वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला : हातानं काम करत शिकायचं. हा पाठही तसाच शिकवा.

१. वर्गाच्या दारात एका मुलाला चौकीदार करा. येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ त्यानं लिहायची. त्याचं घड्याळ गुपचूप अर्धा तास मागे करा. शेवटी मुलांना ती वही वाचायला द्या आणि चूक कशी पकडली ते विचारा.
२. पाच मुलांची रांग करा, प्रत्येक जण एक थांबा. चिठ्ठी पुढे पाठवायची, पण एकानं ती गुपचूप खिशात ठेवायची. बाकीच्यांनी मधल्यापासून विचारत कमीत कमी प्रश्नांत त्याला शोधायचं.

पालकांसाठी : घरच्या राउटरमध्येही बहुधा "सिस्टीम लॉग" असं पान असतं. एकदा मुलांना सोबत घेऊन उघडा आणि आधी वरची तारीख-वेळ बघा.

स्वाध्याय

१. लॉगमध्ये पहाटे ४:१५ ची नोंद आहे आणि उपकरण जागतिक प्रमाणवेळेवर आहे. भारतात तेव्हा किती वाजले होते?
२. रिपोर्ट कोरा आला. सर्वांत आधी कोणता थांबा तपासाल आणि का?
३. "मशीनमध्ये लिहिलं आहे म्हणजे खरंच" हे वाक्य कधी चुकीचं ठरतं? स्वतःच्या शब्दांत लिहा.

पहिल्याचं उत्तर सकाळी ९:४५. दुसऱ्याचं उत्तर पाठात आहे. तिसऱ्याचं उत्तर मी त्या नववीतल्या मुलाकडून शिकलो. आता दर सोमवारी १२ वाजता खुणेची नोंद पाठवायचं काम त्याच्याकडेच आहे, आणि वहीत वेळ लिहिण्याआधी तो भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतोच.

तुमच्या शाळेतल्या डब्याचं घड्याळ उद्या गेल्या गेल्या बघा.