मैदान वाढवावे की नाही?



रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात वेळणेश्वर नावाचे गाव आहे. चंद्रकोरीसारखा किनारा, त्यामागे माडांची रांग आणि जवळच शंकराचे देऊळ. ओहोटी लागली की तिथली ओली पुळण चांगली घट्ट होते. अशा पुळणीवर चार चपला ठेवल्या की दोन गोल तयार होतात आणि फुटबॉलचा डाव सुरू होतो.

असा डाव चालू असताना खेळाकडे न पाहता थोडा वेळ बघ्यांकडे पाहा. सर्वांत पुढचे वाळूवर बसलेले असतात. त्यांच्यामागचे गुडघ्यांवर असतात, त्यांच्यामागचे उभे राहतात, आणि उशिरा आलेली मुले वर ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर चढतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. मागच्याने पुढच्यापेक्षा उंच असले पाहिजे, हे त्यांना आपोआप समजते. जगातील मोठमोठी क्रीडांगणे याच साध्या तत्त्वावर उभी आहेत.

आता एक प्रश्न घेऊ. समजा, एका फुटबॉल क्लबच्या क्रीडांगणात ८,००० प्रेक्षकांची सोय आहे. क्लबचे एक सभासद म्हणतात, "आसने दुप्पट करा, म्हणजे प्रेक्षकही दुप्पट येतील." दुसरे म्हणतात, "पैसा पाण्यात जाईल." कोणाचे म्हणणे बरोबर? भांडून याचा निकाल लागणार नाही. गणित करून पाहू या.

मुंबईचे उदाहरण

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. कोकणातल्या घराघरांतली माणसे नोकरीसाठी ज्या मुंबईत जातात, तिथल्याच एका क्लबचे उदाहरण पाहा. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली. तीत मुंबई सिटी एफसी हा संघ पहिले दोन हंगाम नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर आपले घरचे सामने खेळला. तिथे ५०,००० च्या आसपास प्रेक्षक बसू शकतात. २०१६ साली क्लबने आपले घरचे मैदान हलवले. पण ते आणखी मोठ्या जागी नव्हे, तर अंधेरीच्या क्रीडासंकुलातील जेमतेम सात-आठ हजार आसनांच्या मैदानात!

क्रिकेटमध्येही असेच घडले. मुंबईचे वानखेडे क्रीडांगण २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधले गेले, तेव्हा तिथली आसने सुमारे ४५,००० वरून सुमारे ३३,००० वर आणली गेली. इटलीतील युव्हेंटस हा नामांकित फुटबॉल क्लब पूर्वी सुमारे ६९,००० आसनांच्या क्रीडांगणात खेळत असे. त्याच जागी २०११ साली त्याने नवे क्रीडांगण उभारले, ते सुमारे ४१,००० आसनांचे. जाणत्या लोकांनी आसने कमी का केली असतील?

पहिले गणित : आसनांचे

मोठ्या सामन्यांसाठी फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्याची परिमिती ३४६ मीटर. आता रेषेपासून १० मीटर अंतर सोडून चारही बाजूंनी आसनांची पहिली ओळ मांडू. कोपरे गोलाकार ठेवले, तर चार कोपऱ्यांचे चार पाव भाग मिळून एक पूर्ण वर्तुळ होते. त्याची त्रिज्या १० मीटर, म्हणून परीघ सुमारे ६३ मीटर. तेव्हा पहिल्या ओळीची लांबी ३४६ + ६३ = ४०९ मीटर झाली. एका माणसाला अर्धा मीटर जागा दिली, तर या ओळीत ८१८ माणसे बसतील.

दुसरी ओळ ८० सेंटिमीटर मागे असेल. तिची लांबी किती वाढेल? फक्त वर्तुळाची त्रिज्या ०.८ मीटरने वाढली, म्हणून लांबी २ × ३.१४ × ०.८, म्हणजे ५ मीटर वाढेल. जागा वाढल्या दहा! पुढच्या प्रत्येक ओळीत अशाच दहा-दहा जागा वाढत जातील. दहा ओळींत एकूण ८,६३० जागा होतात. ये-जा करण्याच्या वाटांसाठी दहावा भाग सोडला, तर सुमारे ७,८०० उरतात. हेच आपले ८,००० चे क्रीडांगण. वीस ओळी केल्या, तर त्याच हिशेबाने सुमारे १६,४०० जागा मिळतात.

म्हणजे आसने दुप्पट करणे सोपे दिसते. दहा ओळी वाढवल्या की झाले! पण थांबा.

दुसरे गणित : नजरेचे

पुळणीवरची मुले होडीवर का चढतात, ते आठवा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरू. मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या निदान १२ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे आणि मैदानाच्या जवळच्या रेषेवर पोहोचली पाहिजे. या नजरेच्या सरळ रेषेला दृष्टिरेषा म्हणतात.

समजा, पहिल्या ओळीतील प्रेक्षकाचे डोळे जमिनीपासून २ मीटर उंच आहेत आणि रेषेपासून १० मीटर दूर आहेत. त्याच्या डोक्याचे टोक २.१२ मीटरवर आले. दुसरी ओळ १०.८ मीटरवर आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने तिथल्या डोळ्यांची उंची २.१२ × १०.८ ÷ १० = २.२९ मीटर हवी. म्हणजे दुसरी ओळ पहिलीपेक्षा २९ सेंटिमीटर उंच पाहिजे. याच रीतीने पुढे गेल्यास तिसरी ओळ दुसरीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच लागते, आणि विसावी ओळ एकोणिसावीपेक्षा ३९ सेंटिमीटर! पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवून चालत नाही. मागे जावे तसा चढ वाढतच जातो. क्रीडांगणाचा आकार परडीसारखा का असतो, याचे कारण हे.

हिशेब पुरा केला की असे दिसते :

ओळ १ : अंतर १० मीटर, डोळ्यांची उंची २ मीटर
ओळ १० : अंतर १७.२ मीटर, उंची ४.९ मीटर
ओळ २० : अंतर २५.२ मीटर, उंची ८.६ मीटर
ओळ ४० : अंतर ४१.२ मीटर, उंची १७.२ मीटर

चाळिसावी ओळ म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारत झाली. आपल्या क्लबच्या नव्या दहा ओळी जुन्या दहा ओळींच्या सरासरीने दुपटीहून अधिक उंचीवर येतील. त्यांना खांब, तुळया आणि जिने अधिक लागतील. म्हणून नवे आसन जुन्यापेक्षा महाग पडते. आणि तिथून दिसते काय? विसाव्या ओळीतल्या प्रेक्षकापासून पलीकडची रेषा ९३ मीटर दूर असते. तिथला २२ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू त्याला चंद्रबिंबाच्या सुमारे पाव व्यासाएवढा दिसतो. जास्त खर्चाचे आसन, आणि खेळ मात्र लहान!

तिसरे गणित : बाहेर पडण्याचे

सामना संपला की सगळे एकदम उठतात. क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यानुसार एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला जास्तीत जास्त ६६ माणसे जाऊ शकतात, आणि सर्वांना बाहेर पडायला आठ मिनिटांहून अधिक लागू नयेत. आठ मिनिटांत एका मीटरमधून ५२८ माणसे गेली. ८,००० माणसांसाठी सगळ्या जिन्यांची मिळून रुंदी १५ मीटर हवी, तर १६,००० साठी ३० मीटर. आसने दुप्पट केली आणि जिने तेवढेच ठेवले, तर आठ मिनिटांची सोळा मिनिटे होतील. घाबरलेली गर्दी सोळा मिनिटे थांबत नाही.

याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत ११ जणांचा बळी गेला. म्हणून दारे, जिने आणि बाहेरचा रस्ता यांचा हिशेब आसनांच्या आधी झाला पाहिजे.

चौथे गणित : प्रेक्षकांचे

आता मुख्य प्रश्न. आसने वाढवल्याने प्रेक्षक वाढतात का? समजा, आपल्या क्लबचे वर्षात दहा सामने होतात आणि ते पाहायला येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या (हजारांत) अशी आहे : ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ९, १४.

आसने ८,००० असतील, तर शेवटच्या दोन सामन्यांना प्रत्येकी आठच हजार लोक आत येतील. वर्षाची बेरीज ६४,०००. आसने १६,००० केली, तर सर्वांना जागा मिळेल आणि बेरीज ७१,००० होईल. आसने दुप्पट झाली, पण प्रेक्षक वाढले केवळ ७,०००, म्हणजे शेकडा ११. आधी शंभरातली ८० आसने भरत होती, आता ४४ च भरतील. अर्ध्याहून अधिक रिकाम्या खुर्च्यांत बसून टाळ्या वाजवताना उत्साह कसा टिकेल?

मग त्या १४,००० च्या सामन्याचे काय करायचे? पुन्हा मुंबईकडे पाहा. २०२३ साली आशियातील क्लबांच्या स्पर्धेत मुंबई सिटीची गाठ सौदी अरेबियाच्या अल हिलाल या बलाढ्य क्लबशी पडली. या सामन्याला मोठी गर्दी होणार हे उघड होते. ६ नोव्हेंबर रोजी तो सामना अंधेरीत न होता डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाला. पाहुणे आले म्हणून आपण घराला कायमची खोली वाढवत नाही. शेजारचे अंगण एक दिवसापुरते मागून घेतो. तसेच हे.

मैदान कधीच वाढवू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. दहांपैकी सात-आठ सामन्यांना लोक दारातून परत जात असतील, तर वाढवणेच योग्य. म्हणून क्लबने आधी आत आलेले नव्हे, तर परत गेलेले प्रेक्षक मोजावेत. नुसत्या सरासरीवरही विसंबू नये. वरच्या उदाहरणात येऊ इच्छिणाऱ्यांची सरासरी ७,१०० आहे, ८,००० हून कमी. तरीही दोन सामन्यांना जागा अपुरी पडली. आणि रोजच आसने रिकामी राहत असतील, तर उणीव आसनांची नाही. ती तिकिटाच्या दरात असेल, सामन्याच्या वेळेत असेल, रात्री घरी न्यायला गाडी नसण्यात असेल, किंवा खेळातच असेल. त्यावर सिमेंट हा उपाय नव्हे.

करून पाहा

१. शाळेच्या मैदानावर एक आयत आखा. त्याच्याभोवती सगळीकडे एक मीटर अंतर ठेवून, कोपरे गोल करून, दोरी टाका. दोरी परिमितीपेक्षा किती लांब लागली? आता दुप्पट मोठा आयत घेऊन पुन्हा मोजा. उत्तर बदलले का?

२. सहा मुलांना एकामागे एक सपाट जमिनीवर बसवा आणि समोर दहा मीटरवर चेंडू ठेवा. चेंडू कितव्या मुलापर्यंत दिसतो? मागच्यांना विटा, पाट, बाके देऊन तो सर्वांना दिसेल असे करा आणि उंची मोजून ठेवा.

३. दुसऱ्या एका क्लबची आसनेही ८,००० आहेत. पण येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या (हजारांत) अशी आहे : ७, ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १२, १४. याने मैदान वाढवावे का? वाढवायचे तर १२,००० पर्यंत की १६,००० पर्यंत? बेरजा करा आणि आपला निर्णय कारणांसह वर्गात मांडा.