जिप्सी घेण्याआधी

साकोली

चि. निखिल,


नागपूरच्या डीलरकडची जिप्सी तुला पसंत पडल्याचं ताईने कळवलं. आवड चांगलीच आहे. 1985 साली आलेली ही गाडी आता नवी मिळत नाही, पण तिची बांधणी इतकी साधी की गावातला मिस्त्रीही ती खोलू शकतो. मात्र ताजा हिरवा रंग, जाड टायर, समोरची विंच हे सगळं बहुधा विक्रीसाठी चढवलेलं असतं. तू पैसे मोजणार आहेस ते चेसिसचे.

म्हणून गाडी लिफ्टवर घ्यायला लाव. पाट्यांचे हँगर, बॉडी माउंट, मडगार्डची आतली बाजू टॉर्चने बघ. धानाच्या बांधीत राबलेल्या गाडीत चिखल साचतो, लोखंड आतून गंजतं आणि वरून काळा रंग मारला की दिसत नाही. ठोकून पाहा, बोदा आवाज आला तर निघून ये. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांब, थंड होऊ दे, मग स्वतः सुरू कर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फोर-व्हील लो टाकून बघायचं ते मातीच्या वाटेवर, डांबरावर नाही. तिथे सगळी यंत्रणा ताणली जाते.

चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. खरवडल्यासारखा दिसला तर सौदा तिथेच संपला. गाडी बालाघाटकडची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी, वर आपला कर भरून एमएच-36 नंबर घ्यावा लागेल. 15 वर्षं उलटली असतील तर पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच.

एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागून बघ. मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे का, तेही विचार. 'नाव नंतर चढवू' याला मात्र मुळीच मान डोलवू नकोस. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवरचं नाव धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच सांगितलं. तुझ्या हातून काही घडावं आणि नुकसान त्या अनोळखी जुन्या मालकाने भरावं, हे मला मुळीच पटत नाही.

पिटेझरी गेटवरून जंगलात पर्यटक नेण्याचा विचार असेल तर खासगी पांढऱ्या पाटीवर ते चालणार नाही. वनविभागाकडे आधी चौकशी कर.

मोठी रक्कम नाव चढेपर्यंत आपल्याच हातात ठेव. शनिवारी मी तुमसरच्या मिस्त्रीला घेऊन येतो. तोवर टोकन देऊ नकोस.

तुझा,
मामा