उन्हानं रंग गेला म्हणे!

चोर्ला घाट उतरायचा होता, म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये गाडीचं ब्रेक ऑइल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना उजव्या मडगार्डवर बॉनेटच्या कडेपासून खाली आलेला ओघळ दिसला. तेवढ्या पट्ट्यातला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. नख लावलं तर पापुद्राच हातात आला.

तसाच गॅरेजला गेलो. मालक बघतो न बघतो तोच म्हणाला, "उन्हानं झालंय ओ ते. ब्रेक ऑइलनं काय होतंय? पोरानं लगेच पुसलं होतं की!"

म्हणजे सांडलं होतं! मी बॉनेट उघडलं. ऑइलच्या डबीच्या बरोबर खाली, पत्र्यावर, तशाच सुरकुत्या. "इथं ऊन कुठून आलं?" विचारलं, तर म्हणे, "आधीचंच असंल." शेवटपर्यंत 'चुकलं' हा शब्द काही निघाला नाही. फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांनी भरलेल्या उद्यमबागेत तेलातला फरक मी समजावून सांगायचा? डब्यावरसुद्धा लिहिलेलं असतं, रंगावर सांडू देऊ नका म्हणून.

याला ऑइल म्हणतात, पण डॉट ३ आणि डॉट ४ ही इंजिन ऑइलसारखी तेलं नव्हेतच. ती ग्लायकॉल ईथरवर बनतात. हा द्रव रंगात मुरतो, रंग मऊ करून फुगवतो. टचिंग केलेला भाग तर आधी जातो. कोरड्या वेस्टनं पुसलं की ते आणखी पसरतं. ते पाण्यात मिसळतं, म्हणून सांडल्या सांडल्या भरपूर पाणी ओता, घासू नका. साबण नंतर. एकदा रंग उचलला की पॉलिशनं काही होत नाही, पेंटरकडेच जावं लागतं. तो खर्च माझ्याच माथी बसला.

रंगाच्या भीतीनं ऑइल बदलणं मात्र टाळू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि बेळगावचा पावसाळा काय असतो ते सांगायला नको. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. घाटात सारखा ब्रेक दाबताना ते उकळलं तर पेडल खाली जातं. अर्धवट वापरलेल्या उघड्या डब्यातलं ऑइल घालू देऊ नका, सीलबंद डबा समोर फोडायला लावा. रंगाला त्रास नको म्हणून कुणी सिलिकॉनचं डॉट ५ सुचवलं तर नको म्हणा. ते या ऑइलमध्ये मिसळत नाही.

डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलवाल्यांनी जास्त जपावं. डबी हँडलवर, बरोबर खाली पेट्रोलची टाकी! टाकीवर ओलं फडकं टाकल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका. गाडी ताब्यात देताना चारी बाजूंनी फोटो काढा, पक्कं बिल घ्या आणि काम होईपर्यंत तिथंच उभे राहा. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.