माहेर, वारसा आणि सिलारहमी

माहेर हा मराठीतील अत्यंत जिव्हाळ्याचा शब्द. ‘मातृगृह’ या शब्दापासून तो घडला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. अरबीत रक्ताच्या नात्याला ‘रहम’ म्हणतात आणि त्याचाही मूळ अर्थ मातेचे उदर असाच आहे. अल्लाहची ‘रहमान’ व ‘रहीम’ ही नावे याच धातूपासून आली आहेत. अल्लाहने नात्याचे नाव स्वतःच्या नावापासून काढले असून, जो नाते जोडतो त्याला तो आपल्याशी जोडतो, असे एका हदीसमध्ये आले आहे. म्हणूनच सिलारहमी, अर्थात नाती जोडून ठेवणे, ही इबादत ठरते.

या इबादतीची खरी कसोटी वडिलांच्या निधनानंतर लागते. जनाजाच्या नमाजाविषयी लोक इमामाला बारीकसारीक प्रश्न विचारतात. वारशाच्या वाटणीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. पुढे एके दिवशी बहिणींना बोलावणे जाते, जेवणे होतात आणि हक्कसोडपत्र समोर ठेवले जाते. बहीण मुकाट्याने सही करते. ‘वाटा मागितला तर माहेर तुटेल’ ही भीती तिच्या मनात असते. या भीतीला आपण ‘राजीखुशी’ म्हणतो!

उहुदच्या युद्धात (हिजरी 3) हजरत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांची सारी संपत्ती त्यांच्या भावाने ताब्यात घेतली. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली व तिने आपले गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून आदेश दिला : मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्या आणि उरेल ते तुमचे. संपत्तीचे 24 भाग केले तर मुलींना 16, पत्नीला 3 आणि भावाला 5 भाग मिळाले. ज्याने सर्व काही घेतले होते, त्याच्या हाती सर्वांत शेवटी उरलेले आले.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, स्त्रियांचा हिस्सा ठरलेला असल्याचे स्पष्ट केले आहे. समजा, एका गृहस्थामागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. प्रथम दफनविधीचा खर्च, मग कर्जफेड, आणि पत्नीचा महर थकलेला असेल तर तेही कर्जच. त्यानंतर वसीयत असल्यास ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत पूर्ण करावी. एवढे होऊन 32 लाख रुपये उरले, तर पत्नीला 4 लाख, मुलाला 14 लाख आणि प्रत्येक मुलीला 7 लाख मिळतील. हे भाऊ बहिणीला ‘देत’ नाही. वडिलांनी डोळे मिटले त्या क्षणीच ते तिचे झालेले असते.

‘तिच्या लग्नात खर्च केला होता’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. परंतु वडिलांनी हयातीत केलेला खर्च म्हणजे वारशाचा हिस्सा नव्हे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च आपण त्याच्या वाट्यातून वजा करतो का? सणावाराच्या साडीचोळीनेही हा हिशेब फिटत नाही. वडील हयात असताना लिहून घेतलेल्या हक्कसोडीला शरीअतमध्ये आधार नाही. कारण जो हक्क अजून निर्माणच झाला नाही, तो सोडणार कसा? बहिणीला खरोखरच भावाला काही द्यायचे असेल, तर तिचा वाटा आधी वेगळा करून तिच्या ताब्यात द्यावा. मग तिने स्वेच्छेने दिले, तर ती देणगी होय. सोडणे खुशीचे होते की भिडेचे, हे तेव्हाच कळते.

हा आपल्या ओळखीचाही प्रश्न आहे. रूढीऐवजी शरीअत लागू व्हावी म्हणून 1937 चा शरीअत अधिनियम झाला. रूढीमुळे स्त्रियांचा वारसा डावलला जात होता, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यात शेतजमिनीचा अपवाद राहिला. पण तलाठ्याच्या दप्तरातील अपवाद अल्लाहसमोर सबब होऊ शकत नाही. शरीअतच्या रक्षणासाठी सभांमध्ये हात उंचावणाऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का, हे आधी पाहावे.

आणि वाटा मागितला म्हणून ज्या बहिणीशी अबोला धरला आहे, तिचे काय? प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार परतफेड करणारा नाते जोडणारा ठरत नाही; तुटलेले नाते जो पुन्हा सांधतो, तोच नाते जोडणारा. मग जिने केवळ आपला हक्क मागितला, तिच्याकडे पहिले पाऊल कोणी टाकायचे, हे सांगायला नको.

वाचकहो, या महिन्यात आईला आणि बहिणींना सोबत घेऊन बसा, जाणकार आलिमाकडून हिशेब करून घ्या आणि तो कागदावर उतरवा. वर्षे उलटली म्हणून हक्क शिळा होत नाही. वाटा हाती घेतलेल्या बहिणीसाठीही माहेरचे दार उघडे राहिले, तरच त्या घरात ‘रहम’ आहे असे म्हणता येईल. अल्लाह आपणा सर्वांना हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.